दगडी खांबांचे बेट

डिसेंबरच्या सुटीत आम्ही दहावीचे विद्यार्थी शाळेच्या सहलीबरोबर बेळगावहून उडुपीस गेलो. जवळच्याच मलपे बंदरातून लाँचने निघालो आणि थोड्याच वेळात अरबी समुद्रातील सेंट मेरी बेटांपैकी एका बेटावर उतरलो.

किनाऱ्यावर शिंपल्यांचा सडा, मागे नारळीची झाडे आणि भोवती कोणी मोजूनमापून घडवावेत तसे काळे दगडी खांब! काही गुडघ्याएवढे, तर काही आमच्या डोक्यावरून कितीतरी उंच. बहुतेकांना ६ बाजू. काहींना मात्र ५ किंवा ७. प्रथम आम्हांस वाटले, हे एखाद्या जुन्या देवळाचे अवशेष असावेत. गुरुजी हसून म्हणाले, "येथे पाथरवटाने हात लावलेला नाही. उन्हाळ्यात आपल्याकडच्या काळ्या रानाला भेगा पडतात, त्या आठवा."

मग कोडे उलगडले. भूगर्भातून वर आलेला तप्त लाव्हारस निवू लागला की आकुंचन पावतो व त्यास भेगा पडतात. तो सर्वत्र सारखा निवला, तर भेगा एकमेकींस मिळून मधाच्या पोळ्यासारखी षट्कोनी नक्षी उमटते. रस जसजसा आतून थिजतो, तसतशा भेगा खोल उतरतात आणि सबंध खडकाचे खांब होतात.

आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही ज्वालामुखीचाच. पण तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. हा खडक त्याहूनही जुना, जवळजवळ ९ कोटी वर्षांचा आहे. त्या काळी मादागास्करची भूमी भारतापासून विलग होत होती. त्या ताटातुटीच्या वेळी हा रस वर आला, असे भूवैज्ञानिक मानतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने या बेटांस राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा मान दिला आहे.

परतताना आमच्यातील एकाने खांबाचा निखळलेला तुकडा आठवण म्हणून पिशवीत घातला. गुरुजी रागावले नाहीत. समोरून येणाऱ्या लाँचमधील माणसे मोजावयास त्यांनी आम्हांस सांगितले. एक लाँच मोजून झाली, तोच मागून दुसरी आली. गुरुजी इतकेच म्हणाले, "प्रत्येकाने एकेक तुकडा नेला, तर तो भरून काढावयास लाव्हारस पुन्हा येथे येणार नाही."

आमच्या मित्राने मुकाट्याने तो तुकडा जेथून उचलला होता तेथेच नेऊन ठेवला. आम्ही रिकाम्या हातांनी परतलो खरे. पण त्याचे आम्हांपैकी कोणासही वाईट वाटले नाही.