पडद्यावरच्या जॉनला सल्ला देताना

वर्गातली दांडगाई मास्तरांच्या नजरेआड चालते आणि जे पोर ती सोसतं, ते घरीही तोंड उघडत नाही. अशा मुलाला वाट दाखवायला संगणकाची मदत घ्यायचे प्रयत्न युरोपात सुरू झाले, त्याला आता वीसहून अधिक वर्षं लोटली.

२००२ मध्ये युरोपीय संघाच्या निधीतून ब्रिटन, जर्मनी आणि पोर्तुगालमधले संशोधक एकत्र आले. संगणकशास्त्रज्ञ रूथ आयलेट त्यांच्या प्रमुख. त्यातून ‘फिअरनॉट’ हे सॉफ्टवेअर तयार झालं. त्यातल्या एका प्रसंगात जॉन हे पात्र वर्गात अभ्यास करत बसलाय. ल्यूक येतो आणि त्याची पुस्तकं टेबलावरून खाली ढकलतो. प्रसंग संपला की जॉन पडद्यासमोरच्या मुलालाच विचारतो, आता मी काय करू? मूल टाइप करतं : उलट मार, लक्ष देऊ नकोस, बाईंना सांग. पुढच्या प्रसंगात जॉन तसं करायला जातो. कधी जमतं, कधी आयत्या वेळी अवसान गळतं. मग तो पुन्हा सल्ला मागायला हजर. कोणता सल्ला कुठे फसतो, हे मुलाला स्वतः मार न खाता कळत होतं. उपदेशाच्या तासाला हे साधत नाही.

ब्रिटन आणि जर्मनीतल्या २७ प्राथमिक शाळांमधल्या ११२९ मुलांना घेऊन याची चाचणी झाली. २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन आठवडे फिअरनॉट वापरलेल्या शाळांत, आधीपासून त्रास सोसणाऱ्या अधिक मुलांची त्यातून सुटका झाली होती. पात्रांशी संवाद जितका जास्त, तितका फायदा जास्त. पण हा परिणाम अल्पकाळाचाच ठरला.

फिनलंडने वेगळी वाट धरली. तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी उभा केलेला ‘किवा’ हा उपक्रम २००९ पासून देशभर गेला. त्यातही संगणकावरचा खेळ आहे, पण जोडीला वर्गातले पाठ आहेत, नुसतं बघत राहणाऱ्या मुलांना पुढे आणणं आहे, आणि तक्रार आली की ती हाताळणारा शिक्षकांचा गट आहे. चाचण्यांमध्ये दांडगाई घटली.

पडद्यावरच्या पात्राशी बोलून मुलाला थोडी मदत होते, एवढं या वर्षांनी दाखवलं. पण ‘बाईंना सांग’ हा सल्ला शाळेत खरा ठरायचा, तर ऐकून घेऊन लगेच हालचाल करणाऱ्या बाई हव्यात. ती तयारी नसलेल्या शाळेने पडद्यावरच्या पात्रांवर पैसे घालवू नयेत.