पैसा आणि माणसे एकाच गावी का जमतात?

आपली इंदूरची मुले पुण्या-बंगळुरूलाच का जातात, हा मंडळात नेहमी निघणारा प्रश्न. पॉल क्रुगमन यांनी १९९१ साली त्याचे साधे प्रारूप मांडले. २००८ च्या नोबेलमध्ये या कामाचाही वाटा होता.

दोन प्रदेश अगदी सारखे धरा. कारखाना मोठा असला की माल स्वस्त पडतो, म्हणून तो एकाच जागी, गिऱ्हाईक जास्त तिथे निघतो. मागोमाग कामगार येतात. गिऱ्हाईक आणखी वाढते. वाहतूक महाग असेल तर दोन्हीकडे कारखाने टिकतात. ती स्वस्त झाली की एक बाजू भरते, दुसरी ओस पडते. म्हणजे चांगला रस्ता माणसे आणतो, तशी नेतोही.

आम्ही बँकवाले हे सीडी रेशोवरून ओळखत असू. शाखेत शंभर रुपये ठेव जमली आणि तिथे कर्ज चाळीसच गेले, तर उरलेल्या पैशातला बराचसा परगावी कामाला लागतो.

पण जम इथेही बसतो. शेजारच्या पिथमपुरात वाहनांचे कारखाने आले, त्यांच्याभोवती सुटे भाग करणारे जमले. तेव्हा मुलांना बोल लावण्याआधी, इथे धंदा उभारू पाहणाऱ्याच्या पाठीशी आपण किती उभे राहतो, ते पाहू या.