डिंभभक्षक मासे
डासांचे डिंभ (अळ्या) व कोश खाणाऱ्या लहान माशांना ही संज्ञा लावतात. डासाच्या अंडे, डिंभ व कोश या अवस्था पाण्यात पार पडतात. उष्ण हवेत त्यांना सु. ७ ते १० दिवस लागतात. या मुदतीत पाण्यात मासे असल्यास प्रौढ डास बाहेर पडण्यापूर्वीच त्यांचा नाश होतो. रांजण, पिंप यांसारखी भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासता येतात. परंतु टाक्यातील पावसाचे पाणी महिनोन्‌महिने पुरवावयाचे असल्याने ते ओतून देता येत नाही. माशांचा खरा उपयोग अशा ठिकाणी होतो.

पावसाचे पाणी साठविण्याची पद्धत भारतात जुनी आहे. कान्हेरीच्या लेण्यांत व सह्याद्रीतील किल्ल्यांवर खडकात खोदलेली टाकी आहेत. राजस्थान व गुजरातेत घरांच्या आवारात भूमिगत टाकी बांधीत. असे स्वच्छ व संथ पाणी शहरी हिवताप पसरविणाऱ्या ॲनॉफेलीस स्टीफेन्साय व डेंग्यू पसरविणाऱ्या ईडिस ईजिप्ताय या डासांना मानवते. मुंबईच्या हिवतापाची पाहणी करून सी. ए. बेंटली यांनी १९११ साली अहवाल दिला. पहिल्या जातीच्या डासांची पैदास मुख्यतः घरांच्या आवारातील विहिरींत होते, असे त्यात दाखविले होते. विहिरी बुजविण्यास धार्मिक कारणांवरून, विशेषतः पारशी समाजातून, विरोध झाला. पाणी न गमावता डासांना आळा घालणाऱ्या उपायाचे महत्त्व यावरून ध्यानात येते.

या कामी गॅंब्यूसिया व गप्पी हे पीसिलीइडी कुलातील दोन विदेशी मासे सर्वाधिक वापरले गेले आहेत. दोन्हींचे मुख किंचित वर वळलेले असल्याने पृष्ठभागालगतचे भक्ष्य त्यांना सहज टिपता येते. ते अंडी न घालता पिलांना जन्म देतात. त्यामुळे वनस्पती नसलेल्या टाक्यातही त्यांची वाढ होते. गॅंब्यूसिया मूळचा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा दक्षिण भाग व मेक्सिको येथील होय. १९०५ मध्ये तो टेक्ससमधून हवाई बेटांत व १९२८ मध्ये इटलीहून भारतात आणला गेला. पूर्ण वाढलेला गॅंब्यूसिया दिवसाला सु. १०० ते ३०० डिंभ खातो. गप्पी हा दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग व लगतची बेटे येथील असून त्रिनिदादमधील निसर्गाभ्यासक आर. जे. एल. गप्पी यांच्यावरून त्याचे नाव पडले. तो दिवसाला सु. ८० ते १०० डिंभ खातो. दूषित पाणी त्याला अधिक सोसते. देशी माशांपैकी ॲप्लोकायलस प्रजातीतील मासे उपयुक्त आहेत. त्यांतील ॲप्लोकायलस ब्लॉकी या जातीच्या चाचण्या गोव्यात हिवताप नियंत्रणासाठी झाल्या आहेत.

नव्या सिमेंटच्या टाक्यात चुन्यामुळे पाण्याची क्षारता वाढते. म्हणून ते काही वेळा भरून रिकामे केल्यावरच मासे सोडतात. विरंजक चूर्णातील क्लोरिनाने मासे मरतात. यास्तव पिण्यासाठी काढलेले पाणी वेगळ्या भांड्यात घेऊन गाळावे व निर्जंतुक करावे. टाके भरून वाहू लागल्यास मासे निसटू नयेत म्हणून निकासनळीस बारीक जाळी लावावी. मासे असले तरी टाक्याचे झाकण आवश्यकच असते.

या उपायाला मर्यादा आहेत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेनुसार माशांमुळे डिंभांची संख्या घटू शकते. मात्र त्यामुळे हिवतापाचे रुग्ण कमी होतात की नाही, हे तपासणारे एकही अध्ययन तीत आढळले नाही. शिवाय गॅंब्यूसिया इतर माशांची व बेडकांची अंडी आणि पिलेही खातो. जगातील सर्वाधिक उपद्रवी अशा १०० आक्रमक परकीय जातींच्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या यादीत त्याचा समावेश आहे. म्हणून नद्या, ओढे, तळी व भातखाचरे यांत विदेशी मासे सोडू नयेत. बंदिस्त टाक्यात जो मासा मनुष्याचा साहाय्यक ठरतो, तोच मोकळ्या पाण्यात तेथील मूळ जीवांना घातक ठरू शकतो. जेथे स्थानिक जाती उपलब्ध असतील, तेथे टाक्यांसाठीही त्यांचीच निवड करणे इष्ट होय.