गिऱ्हाईक आधी, माल नंतर : एका महिला फुटबॉल क्लबच्या पहिल्या हंगामाचा हिशेब

दुकान अजून उघडलेले नाही, कोणता माल ठेवायचा ते ठरलेले नाही, एकही कारागीर कामावर घेतलेला नाही. पण दाराशी गिऱ्हाइकांची रांग लागली आहे आणि जो तो बयाणा देऊन पावती मागत आहे. असे कोणी सांगितले तर आपल्यातला जुना व्यापारी हसून सोडून देईल. परंतु अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात २०२० ते २०२२ या काळात हेच घडले. धंदा होता महिलांच्या फुटबॉलचा आणि क्लबचे नाव एंजल सिटी. खेळाशी ज्यांचा काही संबंध नाही अशा वाचकांनीही हा व्यवहार समजून घेण्यासारखा आहे, कारण यात प्रश्न खेळाचा कमी आणि भांडवल, भागीदारी व पत यांचा जास्त आहे.

अमेरिकेत महिला फुटबॉलचा धंदा यापूर्वी दोनदा बुडाला होता. १० जुलै १९९९ रोजी लॉस एंजेलिसजवळच्या पॅसाडेना येथे महिला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. अमेरिकेने चीनला पेनल्टीवर हरवले. तो सामना पाहायला ९० हजारांहून अधिक लोक आले होते. ही गर्दी पाहून भांडवलदारांना वाटले की बाजार तयार आहे. २००१ साली व्यावसायिक लीग सुरू झाली. पाच वर्षे पुरावेत म्हणून ठेवलेले ४ कोटी डॉलर पहिल्याच वर्षात संपले आणि २००३ मध्ये, सुमारे १० कोटी डॉलर खर्ची पडल्यावर, लीगला कुलूप लागले. सणाच्या दिवशीची गर्दी पाहून बारमाही दुकान टाकणाऱ्याचे जे होते तेच झाले.

दुसरा प्रयत्न २००९ चा. त्यात लॉस एंजेलिसचा स्वतःचा संघ होता, नाव सोल. त्या काळी जगातील सर्वोत्तम समजली जाणारी ब्राझीलची मार्टा या संघात होती. पहिल्या सामन्याला १४,८३२ प्रेक्षक आले. साखळीत संघ अव्वल राहिला, अंतिम सामन्यात मात्र हरला. म्हणजे माल उत्तम होता, त्याबद्दल तक्रारीला जागा नव्हती. तरीही जानेवारी २०१० मध्ये संघ बंद झाला, कारण तो चालवायला घेणारा मालकच मिळाला नाही. एक हंगाम खेळून सोल इतिहासजमा झाला आणि लीगही २०१२ मध्ये गुंडाळली गेली. तिसरी लीग २०१३ साली सुरू झाली. ती टिकली, पण लॉस एंजेलिससारखे मोठे शहर पुढची अनेक वर्षे संघाविना राहिले.

जुलै २०२० मध्ये या शहराला लीगमध्ये जागा मिळाल्याचे जाहीर झाले. क्लब उभा करणाऱ्यांत अभिनेत्री नॅटली पोर्टमन, नव्या धंद्यांत भांडवल गुंतवणाऱ्या कारा नॉर्टमन आणि उद्योजिका ज्युली अरमन या तिघी प्रमुख. मुख्य गुंतवणूकदार होते रेडिटचे एक संस्थापक अलेक्सिस ओहानियन. त्यांची पत्नी, टेनिसपटू सेरेना विल्यम्स आणि त्यांची लहान मुलगी यांचाही भाग होता. राष्ट्रीय संघाच्या मिया हॅमसारख्या डझनभराहून अधिक माजी खेळाडू भागीदार झाल्या. पुढे भागीदारांची यादी लांबतच गेली. जाहिरातीच्या दृष्टीने हे फार सोयीचे होते. एरवी एखाद्या नटीला जाहिरातीत घ्यायचे तर पैसे मोजावे लागतात. येथे नट्याच मालक असल्यामुळे त्या आपल्याच दुकानाची दवंडी पिटत होत्या. मात्र एवढे भागीदार असले की वेळ आल्यावर तिजोरीत पैसा कोणी टाकायचा, हा प्रश्न मागे राहतोच. त्याकडे पुढे येऊ.

जागा मिळवण्यासाठी लीगला जी रक्कम द्यावी लागते तिला आपण पगडी म्हणू. गाळा तुमचा होत नाही, पण बाजारात बसण्याचा हक्क मिळतो. त्या वेळी ही पगडी २० ते ५० लाख डॉलरच्या घरात असल्याचे सांगितले जाते. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा.

आता कामाचा क्रम पाहा. ऑक्टोबर २०२० मध्ये नाव ठरले. २०२१ मध्ये चिन्ह आणि रंग आले. ऑगस्ट २०२१ मध्ये पहिली खेळाडू करारबद्ध झाली, ती क्रिस्टन प्रेस. विश्वचषक जिंकलेली आणि याच भागात वाढलेली. म्हणजे वर्षभर क्लबजवळ दाखवायला एकही खेळाडू नव्हती. त्या काळात क्लबने गिऱ्हाईक जमवले. हंगामाची तिकिटे, म्हणजे वर्षभराच्या सर्व घरच्या सामन्यांची एकत्र विक्री, पंधरा-सोळा हजारांच्या घरात गेली.

हंगामाच्या तिकिटाचे महत्त्व ज्यांचा धंदा मोसमी आहे त्यांना लगेच कळेल. सुटे तिकीट विकणारा आभाळाकडे पाहत बसतो. पाऊस आला, संघ हरला, शहरात दुसरा तमाशा लागला की गल्ला रिकामा. हंगामाचे तिकीट विकले की पैसा आधी हातात येतो, त्यातून पगार निघतात, मैदानाचे भाडे भागते आणि कर्ज काढण्याची गरज कमी पडते. शिवाय प्रायोजकाशी बोलायला बसताना ही यादी समोर ठेवता येते. "आमचे इतके कायम गिऱ्हाईक आहेत" असे जो लेखी दाखवू शकतो त्याला भाव पडून मागावा लागत नाही. मैदान क्लबचे स्वतःचे नव्हते. पुरुषांच्या एलएएफसी या क्लबचे २२ हजार आसनांचे मैदान भाड्याने घेतले होते. सराव शहराबाहेर थाउजंड ओक्स येथील एका विद्यापीठाच्या जागेत चाले.

प्रायोजकांच्या बाबतीत क्लबने एक वेगळी अट घातली. प्रायोजकाकडून येणाऱ्या रकमेपैकी १० टक्के शहरातील लोकोपयोगी कामासाठी बाजूला काढायचे आणि ते काम कोणते हे क्लब व प्रायोजकाने मिळून ठरवायचे. अंगरख्यावर पुढच्या बाजूला नाव झळकवणारी डोअरडॅश ही घरपोच जेवण पोहोचवणारी कंपनी. तिच्या वाट्याचा भाग गरजूंच्या जेवणाकडे वळवण्यात आला. याला खैरात समजू नये. खैरात गुपचूप करायची असते, हा तर उघड व्यवहार होता. कंपनीला नुसत्या कापडावर नाव छापून जे मिळाले नसते ते या मार्गाने मिळाले, कारण वस्तीत तिचे नाव कामाशी जोडले गेले. पहिला सामना होण्यापूर्वीच प्रायोजकांशी झालेल्या करारांची बेरीज ३.५ कोटी डॉलरपर्यंत गेल्याचे सांगण्यात आले. येथे एक सावधगिरी हवी. असे करार अनेक वर्षांचे असतात. ही बेरीज म्हणजे एका वर्षाचा गल्ला नव्हे, आणि वर्तमानपत्री मथळ्यांत हा फरक बहुधा गळून पडतो.

खेळाडूंच्या वाट्याला काय आले? फेब्रुवारी २०२२ च्या सुमारास लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यात पहिला सामूहिक करार झाला. त्याने किमान वार्षिक वेतन २२ हजारांवरून ३५ हजार डॉलर झाले. एका संघाने वर्षभरात वेतनावर किती खर्च करावा याची मर्यादा होती ११ लाख डॉलर, अधिक काही विशेष तरतूद. लॉस एंजेलिससारख्या महागड्या शहरात ३५ हजारांत राहणे सोपे नाही. एंजल सिटीने यात एक भर घातली. तिकिटांच्या निव्वळ उत्पन्नातील १ टक्का अशा खेळाडूंत वाटायचा की ज्या क्लबच्या प्रचारात स्वतःहून भाग घेतील. रक्कम मोठी नव्हती. पण कारागिराला मजुरीबरोबर विक्रीतही वाटा मिळाला की तो दुकानाविषयी कसा बोलतो, हे कारखाना चालवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

२९ एप्रिल २०२२ रोजी लीगचा पहिला सामना झाला. मैदान पूर्ण भरले होते. समोर नॉर्थ कॅरोलायना करेज हा अनुभवी संघ. तिसऱ्याच मिनिटाला कॅनडाच्या व्हनेसा जील हिने गोल केला, थोड्याच वेळात जपानच्या जून एंडोने दुसरा. सामना एंजल सिटीने २-१ असा जिंकला. प्रशिक्षक होत्या इंग्लंडच्या फ्रेया कूम.

पुढे मात्र मालाची बाजू लंगडी पडली. बचाव फळीतील सेरा गॉर्डन हंगामापूर्वीच गुडघा दुखावून बाहेर गेली होती. जूनमध्ये क्रिस्टन प्रेसचाही गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. ती पुन्हा मैदानात उतरली ती थेट ऑगस्ट २०२४ मध्ये. तिच्या जागी भर म्हणून आणलेल्या सिडनी लरूला घोट्याने सतावले. नव्या संघाकडे राखीव दर्जेदार खेळाडू कमी असतात. दोन-तीन मुख्य कारागीर आजारी पडले की माग बंद राहतो, तसे झाले. २२ सामन्यांत ८ विजय, ५ बरोबरी, ९ पराभव. २९ गुणांसह १२ संघांत आठवा क्रमांक आणि पहिल्या सहांसाठी असलेली बाद फेरी हुकली.

पण मैदान रिकामे झाले नाही. घरच्या ११ सामन्यांना सरासरी १९ हजारांहून अधिक प्रेक्षक आले. त्या वर्षी संपूर्ण लीगची सरासरी आठ हजारांच्या आत होती. आठव्या क्रमांकाच्या संघाला ही गर्दी का, याचे उत्तर गोलांच्या तक्त्यात सापडत नाही. ज्यांनी दोन वर्षांपूर्वी बयाणा दिला होता त्यांना हे आपलेच दुकान वाटत होते. त्यांच्या समर्थकांच्या एका गटाने तर १९९९ च्या विजयावरून आपले नाव रिबेलियन ९९ असे ठेवले होते. तेवीस वर्षांपूर्वीची ती गर्दी खोटी नव्हती. तिला वर्षभर धरून ठेवणारा कोणी भेटला नव्हता.

याच हंगामात शेजारच्या सॅन दिएगो शहरातही नवा संघ उतरला, नाव वेव्ह. त्याची रीत उलटी होती. तेथे नटनट्यांची भागीदारी नव्हती, एक धनाढ्य मालक होता आणि क्लबची सूत्रे जिल एलिस यांच्याकडे होती, ज्यांनी प्रशिक्षक म्हणून अमेरिकेला २०१५ आणि २०१९ चे विश्वचषक मिळवून दिले होते. अ‍ॅलेक्स मॉर्गनने १५ गोल करून लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला आणि संघ तिसरा आला. पहिल्याच वर्षी बाद फेरी गाठणारा या लीगमधील तो पहिला नवा संघ. १७ सप्टेंबर २०२२ रोजी सॅन दिएगोच्या नव्या मैदानावर वेव्हने एंजल सिटीला १-० ने हरवले तेव्हा ३२ हजार लोक हजर होते. खेळाच्या कसोटीवर वेव्ह सरस, यात वाद नाही.

आता दोन्ही दुकानांची पुढची किंमत पाहा. वेव्हची विक्री २०२४ मध्ये सुमारे ११.३ कोटी डॉलर या हिशेबाने ठरली. त्याच वर्षी जुलैमध्ये एंजल सिटीचा ताबा शिक्षणतज्ज्ञ विलो बे आणि त्यांचे पती, डिस्ने कंपनीचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी घेण्याचे जाहीर झाले, तेव्हा क्लबची किंमत धरली गेली २५ कोटी डॉलर. खाली राहिलेल्या संघाला दुपटीहून अधिक भाव मिळाला. कारण घेणाऱ्याने गोल विकत घेतले नाहीत. त्याने मोठ्या शहरातील कायम गिऱ्हाईक, प्रायोजकांचे करार आणि नाव विकत घेतले. खेळाडू जखमी होतात, निवृत्त होतात, दुसरीकडे जातात. वहीतली गिऱ्हाइके टिकतात.

मात्र या भावाला भुलून कोणी असे समजू नये की क्लब नफ्यात होता. गल्ला मोठा असूनही खर्च त्याहून मोठा असल्याच्या बातम्या होत्या. भाड्याचे मैदान, मोठा कर्मचारीवर्ग, उपचार, प्रवास. वर मांडलेला भागीदारीचा प्रश्नही याच वेळी उभा राहिला. भागीदार पुष्कळ, पण निर्णायक हिस्सा कोणाचाच नाही. नवा पैसा लागला की चर्चा लांबायची. सर्वांत मोठे भागीदार ओहानियन यांचे व मंडळाचे मतभेद वर्तमानपत्रांत आले. म्हणूनच २०२४ मध्ये ताबा घेऊ शकेल असा एक मालक शोधावा लागला आणि नव्या मालकांनी किमतीशिवाय आणखी ५ कोटी डॉलर क्लबमध्ये घालण्याचे मान्य केले. ज्या भागीदारांच्या गर्दीने दुकानाचे नाव केले तीच गर्दी दुकान चालवताना आड आली, असे माझे मत आहे.

हिशेबाच्या बाबतीतही क्लबला एक ठपका लागला. २०२३ च्या हंगामात काही खेळाडूंशी मूळ कराराबाहेर वेगळी पत्रे करून वेतनमर्यादा ओलांडल्याचे लीगला आढळले. जादा रक्कम सुमारे ५० हजार डॉलर आणि मुदत चार आठवडे, म्हणजे व्याप पाहता किरकोळ. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये लीगने २ लाख डॉलर दंड केला आणि ३ गुण कापले. बाजारात बसण्याचा हक्क लीगच्या नियमांवर उभा असतो, त्यामुळे दुसरी वही ठेवणे तेथे परवडत नाही.

आणि ती पगडी? २० ते ५० लाख डॉलरचा आकडा वाचकांच्या लक्षात असेलच. २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या भागातील नव्या क्लबला ५.३ कोटी डॉलर मोजावे लागले. २०२५ च्या आरंभी डेन्व्हरने ११ कोटी मोजले, आणि त्याच वर्षाच्या शेवटी अटलांटाची जागा १६.५ कोटींना गेली. एवढी रक्कम दिल्यावरही नव्या मालकाच्या हाती पहिल्या दिवशी असतो तो फक्त बाजारात बसण्याचा हक्क. मैदान, संघ आणि गिऱ्हाईक त्याला स्वतःच मिळवायचे असते.