क्लोज्ड-बॅक हेडफोन

क्लोज्ड-बॅक हेडफोन (बंद पाठीचे हेडफोन) हे कानांवर बसवून ध्वनी ऐकण्याचे एक उपकरण आहे. याच्या दोन्ही वाट्यांची बाहेरील बाजू बंद असते. त्यामुळे बाहेरचा गोंगाट कानापर्यंत कमी पोहोचतो आणि आतला ध्वनीही शेजारच्या व्यक्तीला फारसा ऐकू जात नाही. जाळीदार पाठीच्या हेडफोनांना ओपन-बॅक हेडफोन म्हणतात. संगणकावर संगीत ऐकण्यासाठी, तसेच ध्वनिमुद्रणाच्या वेळी, क्लोज्ड-बॅक प्रकाराचा मोठ्या प्रमाणावर वापर होतो.

इतिहास

अमेरिकेतील नॅथॅनिएल बाल्डविन यांनी १९१०च्या सुमारास तयार केलेले हेडफोन अमेरिकी नौदलाने बिनतारी संदेश ऐकण्यासाठी विकत घेतले. जर्मनीच्या बायर कंपनीने १९३७ मध्ये डीटी ४८ हा डायनॅमिक पद्धतीचा हेडफोन आणला. जॉन कॉस यांनी १९५८ मध्ये एसपी-३ हा स्टिरिओ संगीतासाठीचा हेडफोन सादर केला आणि हेडफोन घरगुती संगीतश्रवणाचे साधन बनला. १९६८ मध्ये सेनहायझर कंपनीचा एचडी ४१४ हा खुल्या रचनेचा हेडफोन बाजारात आला. त्यानंतर ‘बंद’ आणि ‘खुला’ हा भेद ग्राहकांच्या परिचयाचा झाला.

रचना व ध्वनीचे स्वरूप

डायनॅमिक हेडफोनमध्ये चुंबकीय क्षेत्रातील तारेचे वेटोळे एका पातळ पडद्याला कंप देते. पडद्याच्या पुढून जसा ध्वनी निघतो, तसाच मागूनही निघतो. ओपन-बॅक रचनेत मागचा ध्वनी जाळीतून बाहेर जातो. बंद रचनेत तो वाटीतच राहतो. वाटीच्या आतून तो परावर्तित होऊ नये म्हणून तेथे ध्वनिशोषक अस्तर लावतात. हे अस्तर अपुरे असल्यास आवाज डब्यातून आल्यासारखा घुमतो.

खर्जाचा आवाज गादी आणि कान यांच्यातील हवाबंद जुळणीवर अवलंबून असतो. चष्म्याची दांडी, दाट केस किंवा झिजलेली गादी यांमुळे फट राहिली, तर डग्ग्याचा घुमारा क्षीण होतो. म्हणून एकच हेडफोन दोन व्यक्तींना वेगळा वाटू शकतो.

बाहेरील गोंगाट व हवामान

बंद वाटी मध्यम व उच्च वारंवारतेचे आवाज, उदा. बोलणे किंवा भांड्यांचा आवाज, चांगले अडवते. मात्र खालच्या वारंवारतेची घरघर तिला तितकीशी अडवता येत नाही. विदर्भात ही बाब विशेष महत्त्वाची ठरते. वर्धा जिल्ह्यातील आष्टी, आर्वी या भागांत उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि घरोघरी कूलर व पंखे सुरू असतात. कूलरच्या वाऱ्याचा सूसू आवाज बंद वाटीमुळे कमी होतो, पण मोटारीची घरघर काही अंशी ऐकू येतच राहते. सक्रिय गोंगाट-निवारण असलेले हेडफोन अशा सातत्यपूर्ण घरघरीवर अधिक परिणामकारक असतात.

याच हवामानात बंद वाट्यांमुळे कानांना घाम येतो. कृत्रिम चामड्याची गादी ध्वनी चांगला अडवते, परंतु घामाने लवकर सोलपटते. मखमली कापडाची गादी सुखद असते, पण ती ध्वनी कमी अडवते. त्यामुळे गादी बदलता येणारा हेडफोन अधिक काळ टिकतो.

संगणकाशी जोडणी

संगणकातील अंकीय संकेताचे विद्युत संकेतात रूपांतर करणाऱ्या भागास डॅक म्हणतात आणि तो संकेत हेडफोन चालवण्याइतका सबळ करणाऱ्या भागास ॲम्प्लिफायर. हे दोन्ही भाग लॅपटॉपमध्ये असतातच. वेगळे उपकरण आवश्यक आहे की नाही, हे हेडफोनच्या इम्पीडन्सवर (ओहम) आणि संवेदनशीलतेवर (डेसिबेल) ठरते.

उदाहरणार्थ, १ मिलिवॅटला ९६ डेसिबेल देणारे दोन हेडफोन घेतले आणि लॅपटॉपमधून १ व्होल्ट मिळतो असे मानले, तर ३२ ओहमच्या हेडफोनला सुमारे ३१ मिलिवॅट शक्ती मिळून आवाज १११ डेसिबेलपर्यंत जातो. २५० ओहमच्या हेडफोनला ४ मिलिवॅटच मिळतात व आवाज १०२ डेसिबेलपर्यंत पोहोचतो. नेहमीच्या श्रवणासाठी दोन्ही पुरेसे आहेत. मात्र कमी पातळीवर मुद्रित केलेल्या शास्त्रीय संगीतासाठी दुसऱ्याला ॲम्प्लिफायरचा उपयोग होतो.

हेडफोन लावल्यावर खरखर किंवा शिट्टीसारखा आवाज येत असल्यास लॅपटॉपबाहेरील यूएसबी डॅक उपयोगी पडतो. तसा आवाज नसल्यास तोच खर्च चांगल्या हेडफोनवर करणे अधिक फलदायी असते. ब्लूटूथमध्ये ध्वनी काहीसा उशिरा पोहोचतो. संगीत ऐकताना याने फरक पडत नाही, पण संगणकावर स्वतःचे गायन वा वादन मुद्रित करताना तारेचा हेडफोनच लागतो.

निवडीचे निकष

परिचित ध्वनिमुद्रण ऐकून केलेली पारख जाहिरातीतील आकड्यांपेक्षा विश्वसनीय असते. तानपुऱ्याच्या जवारीवरून उच्च स्वरांची स्पष्टता कळते, तर डग्ग्याच्या मींडेवरून खर्जाचा तोल. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यांच्या परंपरेतील खंजिरी भजनांत थापेचा आघात आणि झांजेचा नाद वेगवेगळे ऐकू आले पाहिजेत. जुनी मुद्रणे मोनो असल्याने त्यांचा ध्वनी डोक्याच्या मध्यभागी भासतो. हा हेडफोनचा दोष नव्हे. किमान अर्धा तास हेडफोन घालून त्याचे वजन व दाब तपासणे, तसेच तार आणि गाद्या बदलता येतात का हे पाहणे, हितावह असते.

श्रवणसुरक्षा

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास सरासरी ८० डेसिबेल ही मर्यादा आहे. पातळी ३ डेसिबेलने वाढली की सुरक्षित कालावधी निम्मा होतो. ९० डेसिबेलला तो आठवड्याला सुमारे ४ तास उरतो. गोंगाटात ओपन-बॅक हेडफोन वापरणारा श्रोता नकळत आवाज वाढवतो. बंद हेडफोनमुळे हलक्या आवाजातही बारकावे ऐकू येतात, आणि हाच त्याचा सर्वांत मोठा लाभ होय. अंतःकर्णातील नष्ट झालेल्या केशपेशी माणसात पुन्हा तयार होत नाहीत. ऐकल्यानंतर कानांत गुंजारव जाणवणे ही आवाज अधिक असल्याची खूण आहे. बंद हेडफोन घालून रस्त्याने चालणे मात्र धोक्याचे असते, कारण वाहनांचे भोंगे ऐकू येत नाहीत.

हे सुद्धा पहा

ध्वनिमुद्रण
डेसिबेल
ॲम्प्लिफायर