क्रूझवर निघालात? बंदरावरची खरेदी दुकानदाराच्या नजरेतून बघा

सिंगापूरहून पेनांग-फुकेतची फॅमिली क्रूझ ठरलीय? मग हे वाचाच.

धंद्यातला साधा नियम आहे: घाईतलं गिऱ्हाईक भाव करत नाही. बंदरावर उतरलेलं प्रत्येक कुटुंब घाईत असतं, आणि समोरच्या दुकानदाराला ते पक्कं माहीत असतं.

म्हणून 3 गोष्टी करा.

1. जहाजावर ज्या दुकानांची शिफारस होते, त्यातली बरीच त्या जाहिरातीचे पैसे मोजतात. तो खर्च शेवटी गिऱ्हाइकाकडूनच निघणार ना? दोन-तीन ठिकाणी भाव विचारा.

2. तिथलंच घ्या. पेनांग जायफळासाठी प्रसिद्ध आहे. जायफळाचं तेल, बाम मिळतं. धक्क्यापासून लिटल इंडिया चालत जाण्याइतकं जवळ आहे. कुठेही मिळणाऱ्या मॅग्नेटवर बजेट उडवू नका.

3. घड्याळ सांभाळा. फुकेत सिंगापूरच्या 1 तास मागे. जहाज सिंगापूरच्या वेळेवर चालत असेल, तर फुकेतचे 4 म्हणजे जहाजाचे 5! मोबाईल आपोआप वेळ बदलतो, म्हणून हातातलं घड्याळ जहाजाच्या वेळेवरच ठेवा.

स्वतःहून फिरायला गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. 200 रुपये वाचवताना पुढच्या बंदराची विमानाची तिकिटं काढावी लागली, तर तो तोट्याचाच सौदा!