औषधसंयोगाची कसोटी : लघुपेशी फुप्फुस-कर्करोगाचे एक उदाहरण

फुप्फुसाच्या कर्करोगाचा ‘लघुपेशी’ हा प्रकार बहुतांशी धूम्रपानाशी निगडित आहे. तो त्वरेने वाढतो आणि निदान होते त्या वेळी बहुधा शरीरात अन्यत्र पसरलेला असतो. साहजिकच शस्त्रक्रियेचा उपयोग थोड्यांनाच होतो. मुख्य भिस्त राहते ती औषधांवर. ही औषधे एकेकटी न देता संयोगाने देतात. एका औषधास दाद न देणारी पेशी निराळ्या मार्गाने आघात करणाऱ्या दुसऱ्या औषधातून सुटू नये, हे त्यामागील तत्त्व होय.

परंतु एक संयोग दुसऱ्याहून सरस, हे ठरवावयाचे कसे? येथे दोन संज्ञांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. ‘प्रतिसाद’ म्हणजे गाठीचा आकार ठरावीक मापाने घटणे. ‘उत्तरजीवन’ म्हणजे रुग्ण जगला तो काळ. ‘रोगाने प्रतिसाद दिला’ हे शब्द कानी पडताच आप्तांना रोग हटला असे वाटते. ह्या रोगात मात्र प्रारंभी विरघळलेली गाठ बहुधा काही महिन्यांतच पुन्हा वाढते. म्हणून खरी कसोटी उत्तरजीवनाचीच.

तथापि ही कसोटीही एकदाच लावून भागत नाही. सिस्प्लॅटिन व इटोपोसाइड हा रूढ संयोग. इटोपोसाइडच्या जागी इरिनोटेकॅन योजून जपानमध्ये एक परीक्षण झाले. त्याचा वृत्तांत २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. रोग पसरलेल्या १५४ रुग्णांची यदृच्छेने दोन गटांत विभागणी केली होती. नव्या संयोगाच्या गटात मध्यक उत्तरजीवन १२.८ महिने, तर रूढ संयोगाच्या गटात ९.४ महिने आढळले. अंतर एवढे ठळक दिसले की, नवे रुग्ण घेणे नियोजित संख्या गाठण्यापूर्वीच थांबविण्यात आले.

अमेरिकेत तेच औषधमान व तोच क्रम ठेवून ६५१ रुग्णांवर तुलना करण्यात आली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे अनुक्रमे ९.९ व ९.१ महिने असे होते. हा भेद संख्याशास्त्रदृष्ट्या अर्थपूर्ण ठरला नाही. शिवाय नव्या संयोगाने तीव्र अतिसार अधिक जणांस झाला, तर रूढ संयोगाने रक्तपेशींची घट अधिक झाली.

ह्या विसंगतीची कारणे दोन प्रकारची संभवतात. लहान आणि मुदतीपूर्वी थांबविलेल्या परीक्षणात यदृच्छेने लाभ फुगून दिसू शकतो. अथवा इरिनोटेकॅनचे शरीरात विघटन करणाऱ्या विकरांतील आनुवंशिक भेद दोन लोकसमूहांत परिणामकारक ठरत असावेत. म्हणून जपानी निष्कर्षास खोटा म्हणणे उचित नव्हे. तो सार्वत्रिक मानणे मात्र घाईचे होते.

इटोपोसाइड व प्लॅटिनमयुक्त औषध हा संयोग आजही उपचाराचा पाया आहे. २०१८ मध्ये त्यास रोगप्रतिकारशक्ती चेतविणाऱ्या अ‍ॅटिझोलिझुमॅबची जोड दिल्यावर मध्यक उत्तरजीवन १०.३ वरून १२.३ महिन्यांवर गेले. दोन महिन्यांची ही वाढ अल्प भासेल. पण ती खरी आहे असे म्हणण्याचा अधिकार कठोर तुलनेनेच प्राप्त होतो.